दोन थेंब कोमट तेल

आई,

तुला घरात कुत्रं चालायचं नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात गेली पाच वर्षं एक कुत्री आहे. टेंभी नाक्याच्या चाळीत पायरीशी येऊन तू टाकलेली शिळी पोळी खाणाऱ्यांतली ती नव्हे. स्पॅनियल म्हणतात त्या जातीची आहे. तूप कढत आलं की बेरीला जो रंग येतो तो तिचा रंग. अंगावर लाटालाटांचे मऊ केस, आणि कान इतके लांब की पाणी प्यायला वाकली की जिभेच्या आधी कान भांड्यात जातात. मग ते ओले कान घेऊन ती घरभर फिरते. तुझी सून पुसायचं फडकं हल्ली खांद्यावरच ठेवते. तुझ्या नातीने तिचं नाव कुठल्याशा परदेशी मालिकेतून काढलंय. ते तुला म्हणता आलं नसतं, मलाही नीट येत नाही. मी तिला बाय म्हणतो, तू न्हाऊ घातलेल्या सगळ्या तान्ह्या मुलींना म्हणायचीस तसं. ती त्या हाकेलाही येते. खरं तर ती कुठल्याही हाकेला येते, फक्त हाक मारणाऱ्याच्या हातात काहीतरी खायचं हवं.

लिहायचं कारण तिचा कान. तिच्या कानावरून मला माझा कान आठवला, आणि माझ्या कानावरून मी तुला एकदा जे बोललो होतो ते आठवलं. विसरलो होतो असं नाही. पण एका कोपऱ्यात ठेवून दिलं होतं, आणि या दिवाळीनंतर ते तिथे राहायला तयार नाही.

बाय आली ती तुझ्या नातीची म्हणून. ती तेव्हा घरूनच काम करायची, दिवसभर संगणकासमोर, आणि तिला सोबत हवी होती. पुढे तिला बंगळूरला बोलावणं आलं आणि ती फ्रिजवर एक यादी चिकटवून गेली. रोज विंचरणे, कानामागे आणि बगलेत गुंता होतो तिथे विशेष. पाऊण तास फिरवणे. जेवण मोजूनच देणे, तोंड पाडून बघितलं तरी. दर रविवारी कान साफ करणे, बाटलीतल्या औषधानेच. 'औषधानेच' खाली दोन रेघा. मी गेल्याच वर्षी नौपाड्यातलं ऑफिस सोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, आता घरी बसलोय, त्यामुळे ही यादी माझ्या वाट्याला आली. मला ते काम आवडतं. विंचरताना ती एक एक पाय आपणहून पुढे करते. मी संडासात गेलो तर दाराबाहेर बसून राहते, आणि बाहेर आलो की परदेशातून आल्यासारखं स्वागत करते. कोणी पाहुणा आला की तोंडात चप्पल धरून त्याच्यापुढे नेऊन ठेवते, दाताचा ओरखडासुद्धा उठत नाही. आणि फिरायला गेलो की माझ्या डाव्या बाजूने चालते. ते तिला कोणी शिकवलेलं नाही. मागून रिक्षा आली की मला डाव्या कानाने कळत नाही, ती थबकते, दोरी ताणली जाते, मग मला कळतं. दाराची बेल, कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, सगळं आधी तिला ऐकू येतं आणि तिच्याकडे बघून मला. तुझी सून म्हणते, "तुम्हाला कान फुटलाय हो, चार पायांचा." चेष्टाच ती, पण खोटी नाही.

तू लोकांच्या बाळांना अंगाला तेल लावायला जायचीस तेव्हा मी कधी कधी तुझ्याबरोबर यायचो, शाळेला सुट्टी असली की. टेंभी नाका ते नौपाडा, सकाळी सातपासून चार घरं. न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसायचीस, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून, आणि ते एवढंसं बाळ तुझ्या नडग्यांवर उताणं. तेल, मग डाळीचं पीठ आणि दूध, मग पाणी, इतकं गरम की मला बघूनच चटका बसायचा. बाळ बेंबीच्या देठापासून रडायचं. त्याची आई दाराशी उभी राहून रडकुंडीला यायची आणि तू म्हणायचीस, "रडू दे गं बाय, छाती मोकळी होते." शेवटी टाळूवर तेल, नाकपुड्यांना तेलाचं बोट, आणि दोन्ही कानांत एकेक थेंब. मग धुरी, मग दुपट्यात गच्च बांधून आईच्या हातात. बाळ तोवर झोपलेलं असायचं. नौपाड्यातल्या आता पन्नाशीला आलेल्या कितीतरी माणसांचे हातपाय तू सरळ केलेस आणि त्यांना ते ठाऊकही नाही. तुला कुत्रं घरात नको असायचं तेही या कामापायी. "मला बाळांच्यात जायचं असतं, केस लागले कपड्याला तर काय म्हणतील?" आता बायला आंघोळ घालताना मी न्हाणीघरात बसतो तो तस्साच बसतो, पाय लांब करून, ती नडग्यांवर. तुझ्या सुनेने दाखवून दिलं म्हणून मला कळलं. बारा किलोची आहे, पाय दुखून येतात.

माझ्या कानाची हकीकत मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, ती अशी. मी दहा वर्षांचा होतो. कान दुखायला लागला. आईने लसणीची पाकळी टाकून तेल कडवलं, कोमट करून कानात घातलं. दोन दिवसांत कान फुटला, पू आला, ताप आला. नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर कानात बघता बघता तुला बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "काय ओतलंत पोराच्या कानात? तेल? लसणीचं? तुम्हा बायकांना डॉक्टरी करायला कोण सांगतं हो? पोराचा कान घालवलात." बाकावर दहा-बारा माणसं होती. त्यांत एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसलेली, जिच्याकडे तू त्या महिन्यात जात होतीस. तिने बाळाला छातीशी धरलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होतीस. "चुकलं डॉक्टर," एवढंच म्हणालीस. कान पुढे वर्षभर वाहत होता, आणि थांबला तेव्हा त्यातून ऐकू येणंही थांबलं होतं.

आणि मी बावीस वर्षांचा असताना सरकारी खात्यात नकाशे काढणाऱ्याची जागा निघाली. लेखी झाली, मुलाखत झाली, आणि मेडिकलमध्ये डाव्या कानावर फुली बसली. तो कागद घेऊन मी घरी आलो. तू खाली बसून मेथी निवडत होतीस. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणालो, "लोकांची पोरं न्हाऊमाखू घालत फिरतेस आणि घरातल्या पोराचा कान घालवलास. तुझ्यामुळे गेली नोकरी." आणखीही बोललो. तू पानं खुडत राहिलीस. मी दम खायला थांबलो तेव्हा विचारलंस, "त्याला आता काहीच होण्यासारखं नाही का रे?" मी म्हणालो, "नाही." मग तू उठून भाकरी टाकायला घेतलीस. त्या रात्री आणि नंतरही, शेवटपर्यंत, आपण दोघं या विषयावर परत बोललो नाही. मला पुढे नौपाड्यात खासगी ऑफिसात नोकरी लागली, चांगली लागली, त्या सरकारी नोकरीपेक्षा माझ्या स्वभावाला मानवणारी. तेही मी तुला कधी म्हटलं नाही.

त्यानंतर साधारण वर्षाने नौपाड्याच्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या आजींनी मला अडवलं. त्यांच्या पणतवाला तू न्हाऊ घालत होतीस. म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग रे बाबा, आमच्या पोराच्या कानात थेंब टाक म्हणावं. टाळू भरते, नाक बघते, आणि कान कोरडेच ठेवते हल्ली. विचारलं तर म्हणते, डॉक्टर नको म्हणतात. आम्ही काय बहिरे झालो?" मी हसून मान हलवली आणि निघालो. म्हणजे तू सोडून दिलं होतंस. त्यापायी दोन घरं तुटली तुझी, ते मला बाबांकडून कळलं. हल्लीचे सगळेच डॉक्टर बाळाच्या कानात तेल नको म्हणतात, म्हणजे तू बरोबरच करत होतीस. पण तू ते डॉक्टरांचं ऐकून केलं नव्हतंस, हे मला माहीत होतं. आणि माझी मुलगी झाली तेव्हा तू याच घरात, याच न्हाणीघरात तिला पायांवर घेतलंस. सगळं झालं, टाळू भरली, तू वाटीत बोट बुडवलंस, हात तिच्या कानापाशी आला आणि तिथेच थांबला. मग ते तेल तू तिच्या कानामागे पुसलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मी टॉवेल घेऊन दारात होतो. त्या वेळी मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी टॉवेल पुढे केला.

आता या दिवाळीचं सांगतो. बाय आठवडाभर उजवा कान खाजवत होती, मान झटकत होती. बाटलीतलं औषध संपलं होतं, आणू आणू म्हणत राहिलो, दिवाळीची गडबड होती. पहिल्या आंघोळीला पहाटे तुझ्या सुनेने तेल गरम केलं. आम्ही दोघंच घरात, पण उटणं, कारेट, सगळं साग्रसंगीत. माझं झालं आणि वाटीत थोडं तेल उरलं. बाय मोरीच्या दाराशी बसून बघत होती. मला काय वाटलं कोण जाणे. म्हटलं, घरातली आहे, तिलाही पहिली आंघोळ हवी. तिला नडग्यांवर घेतलं, पाठीला तेल चोळलं, तिने डोळे मिटून घेतले. मग म्हटलं, कान खाजवतेय बिचारी. स्वयंपाकघरात गेलो, लसणीची एक पाकळी ठेचली, तेलात टाकली, तडतडू दिली, गाळलं, आणि तू बघायचीस तसं मनगटावर थेंब टाकून बघितलं. सून म्हणाली, "अहो, पोरीने काय लिहून ठेवलंय ते वाचा. तिला कशाला?" मी म्हणालो, "दोन थेंबांनी काय होतंय? आपण नाही का वाढलो?" हे मी म्हणालो, आई. एक कान घालवून बसलेला मी.

भाऊबीजेला तिने मान तिरकी धरायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी कानाला वास, आंबलेल्या पिठासारखा, आणि हात लावला तर किंचाळली. ही कुत्री कधी किंचाळत नाही. जेवणाचं भांडं हुंगून बाजूला झाली तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं. डोंबिवलीत आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर जनावरांचा दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्या नातीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कानात नळी घालून बघितलं, कापसाने पुसलं आणि कापूस नाकाशी नेला.

"लसूण?" त्या म्हणाल्या. "काका, ऑइल घातलंय का कानात?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही, आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळते. वरून हा एवढा जड कान झाकणासारखा पडलेला, आत केस, हवा नाही. गेलेलं तेल बाहेर येणार कुठून? मला ते चित्र बघताक्षणी कळलं. मी जन्मभर पाण्याच्या निचऱ्याचे नकाशे काढलेत. असा नकाशा कोणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी फाडून टाकला असता. त्या म्हणाल्या, "गुंगी देऊन आतून धुवावं लागेल. पडद्याला काही झालं असेल तर ऐकायला कमी येऊ शकतं, ते मी आत्ता नाही सांगू शकत. सूज उतरली की कळेल." बाय टेबलावर उभी होती आणि तिने डोकं माझ्या पोटात खुपसलं होतं. तिला ज्याने हे केलं त्याच्याच पोटात.

मग त्यांनी विचारलं, रागाने नाही, कागदावर लिहिता लिहिता: "हे घातलं कोणी पण?"

आणि मी म्हणालो, "माझी आई आहे घरी. जुन्या वळणाची. तिने घातलं."

तुझी सून माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मला वाटलं आता येणार, मी ऐकायला तयार होतो, म्हणजे तुझ्या वाटचं ऐकायला. त्या म्हणाल्या, "वय काय त्यांचं?"

"पंच्याऐंशी."

"मग काका, त्यांना ओरडू नका हां. खाजवताना बघवलं नसेल त्यांना. कुत्र्याचा कान आतून कसा असतो ते त्यांना कुठून माहीत असणार? आणि इन्फेक्शन आधीचं आहे. आधीपासून खाजवत होती ना? ऑइलने वाढलं, पण सुरुवात ऑइलने नाही झालेली. हे सांगा त्यांना. नाहीतर म्हातारी माणसं मनाला लावून घेतात."

परत येताना बायला तिथेच ठेवावं लागलं, संध्याकाळी न्यायला यायचं होतं. रिक्षात सून म्हणाली, "आईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली हो."

"माहितेय मला," मी म्हणालो.

"मग? त्यांनी काय वाकडं केलेलं तुमचं?"

ती दुपार मी रिकाम्या घरात काढली. डॉक्टरीणबाईंचं ते एक वाक्य डोक्यातून जाईना, आधीपासून खाजवत होती ना. आणि मग मला तलाव आठवला. आई, मी तुला न सांगता तलावपाळीला पोहायला जात होतो. चाळीतली आम्ही चार पोरं, दुपारी तू घरी नसताना. तू बजावलेलं होतंस, त्या पाण्यात पाय घालायचा नाही, तंगडं मोडीन. कान त्या पाण्यानेच बिघडला होता. तू तेल घातलंस त्याच्या सहा-सात दिवस आधीपासून तो ठणकत होता, उशीला पिवळा डाग पडायचा, मी उशी उलटी करून ठेवायचो. मार बसेल म्हणून सांगितलं नाही. सहन होईना तेव्हा येऊन म्हणालो, "आई, कान दुखतोय, आजच." तू बिचारी तेल कडवायला उठलीस. दवाखान्यात डॉक्टर तुला बोलत होते तेव्हा मी बाजूच्या स्टुलावर बसलेलो, मला सगळं समजत होतं, आणि मी गप्प बसलो. पहिल्या दिवशी भीतीने गप्प बसलो. मग सगळे तेलाचंच म्हणायला लागले, मग मीही म्हणायला लागलो, आणि बाविसाव्या वर्षी तो कागद हातात घेऊन मी तुझ्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझा स्वतःचा त्यावर पुरता विश्वास बसलेला होता. माणूस स्वतःशी इतकं खोटं बोलू शकतो हे मला साठी जवळ आल्यावर कळतंय. तुझी चूक नव्हती, आई. असली तर दोन थेंबांएवढी होती, आणि कान त्याआधीच गेलेला होता. मी तुला बोललो ते चूक होतं आणि खोटंही होतं. मला माफ कर. हे मी ती मेथी निवडून व्हायच्या आत म्हणायला हवं होतं.

बायचं औषध तीन आठवडे चाललं. दिवसातून दोनदा कान उलटा करून थेंब घालायचे, मग बुडाशी हळूहळू चोळायचं, आतून पचपच आवाज येईपर्यंत. जेवताना कान भांड्यात जाऊ नयेत म्हणून नातीचा जुना केसांचा पट्टा तिच्या डोक्यावरून घालायचा. त्यात ती मळ्यात निघालेल्या बाईसारखी दिसायची. कानाच्या आतले केस बारीक कापून घेतले, हवा लागावी म्हणून. पहिले काही दिवस ती माझ्या हातात बाटली दिसली की पलंगाखाली जायची. मी जमिनीवर आडवा पडून तिला बोलवायचो. तिच्याशी काय काय बोललो असेन, सून ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आणि त्या दिवसांत फिरायला गेलो की ती डाव्या बाजूला चालायची पण थबकायची नाही. एकदा मागून आलेल्या रिक्षाने जोरात भोंगा वाजवला तेव्हा आम्ही दोघंही एकदमच दचकलो. नातीला फोनवर मी खरं सांगितलं, सगळं, तेलाचं. ती म्हणाली, "बाबा, मी यादी कशाला लावलेली?" आणि रडली. तिला सांगू शकलो. दवाखान्यात मात्र सांगू शकलो नाही.

कारण तिथे दर आठवड्याला डॉक्टरीणबाई बायचा कान बघायच्या आधी विचारायच्या, "आजी कशा आहेत?" पहिल्यांदा मी चपापलो. म्हणालो, "बरी आहे." दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "सांगितलंत ना त्यांना, तेलाने सुरुवात नाही झालेली म्हणून?" मी म्हणालो, "सांगितलं." "मग काय म्हणाल्या?" मी जरा विचार केला आणि म्हणालो, "काही नाही म्हणाली. भाकरी टाकायला उठली." त्या हसल्या. म्हणाल्या, "अजून भाकऱ्या करतात? ग्रेट आहेत." सून दोन्ही वेळा माझ्याबरोबर होती. दुसऱ्या वेळी बाहेर आल्यावर तिने बायची दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि माझ्या डाव्या बाजूला चालत राहिली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी बायच्या मागे उभं राहून, तिला दिसणार नाही अशा बेताने, किल्ल्यांचा जुडगा हलवला. बायचा उजवा कान बुडातून उचलला गेला आणि तिने वळून बघितलं. मी खुर्चीवर बसलो. पडदा शाबूत होता. आता ती पुन्हा माझ्या आधी लिफ्टचं दार ऐकते.

शेवटच्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता यायची गरज नाही काका, घरीच साफ करत जा. आणि आजींना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, कान एकदम ओके आहे, आता काळजी सोडा." खरं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या लक्षात आलं की एकोणीस वर्षांत मला कोणी, आई कशी आहे, असं विचारलेलं नाही. चाळ पडली, तिथली माणसं पांगली, नौपाड्यातल्या त्या आजी गेल्या. तुझ्या हाताखालून गेलेली ती सगळी बाळं तुला ओळखत नाहीत. एवढ्या मोठ्या ठाणे-डोंबिवलीत तुझी विचारपूस करणारी ती एकच बाई आहे, आणि तिला मी खोटं सांगितलंय म्हणून ती करते.

म्हणून तिचा निरोप तेवढा इथे लिहून ठेवतो. नमस्कार सांगितलाय, कान एकदम ठीक आहे, काळजी सोड. हे पत्र कुठे जायचं नाही, ते बायच्या औषधांच्या कागदांत ठेवून देईन. आणि एक सांगायचं राहिलं. येत्या शनिवारी अकराची वेळ घेतली आहे मी त्या दवाखान्यात, बायची नखं कापायला. नखं मी पाच वर्षं घरीच कापतो, आई.